कोपराची खूण

इस्त्री गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर टेकलेली होती आणि थोरलीचा हात जागच्या जागी थिजला होता… कापड करपल्याचा वास खोलीभर पसरला, तरी बाईला शुद्ध नव्हती!

"अहो मावशी, जळतंय!" दारातल्या स्टुलावर बसलेली भाची किंचाळली, तेव्हा कुठे तिनं इस्त्री उचलली. सदऱ्याच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तांबूस डाग उमटला होता. सारा जन्म दुसऱ्यांच्या चुण्या मोडण्यात गेला, पण कुणाचं कापड करपवलं म्हणून आजवर एक बोट तिच्याकडे उठलं नव्हतं.

"पुन्हा म्हण," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता गुणगुणत होतीस ते. शेवटची ओळ."

पोरगी बावरली. धाकट्या बहिणीची लेक ही. रस्त्यात लांबून पाहिलेली, दुकानाच्या काचेत पाठमोरी पाहिलेली, पण मावशीच्या खोलीचा उंबरा आज पहिल्यांदाच ओलांडलेली. तिनं घसा साफ केला आणि म्हणू लागली, "आमचा दिवा तुझ्या उंबऱ्याशी जळत…"

आणि ती थांबली. खोलीत नुसती शांतता. मग तिनं खांदे उचलून श्वास भरला आणि ओळ पुरी केली, "…राहो."

"मधे थांबलीस का गं?"

"थांबायचंच असतं तिथे." पोरगी हसली, अगदी आईसारखी, एका गालानं. "आजोबांनी चाल तशी बसवलीय. आईचा स्वर विरला की त्या जागेवर सगळ्या कॉयरनं गप्प राहायचं. आईनं आम्हाला तसंच शिकवलं. आमची नवी मुलं तर म्हणतात, सगळ्या गाण्यात तीच जागा सुंदर."

थोरलीनं इस्त्री बाजूला उभी केली. कसली आलीय चाल, नि कसली आलीय सुंदर जागा! ते भोक होतं… आणि त्या भोकाचा आकार नेमका तिच्या श्वासाएवढा होता!

चर्चच्या मागच्या गल्लीत आप्पांची लाँड्री होती. आप्पा म्हणजे या दोघींचे वडील. दिवसभर वाफेत उभं राहून लोकांच्या चादरी धुवायच्या आणि संध्याकाळी तेच सुरकुतलेले हात वर करून चर्चच्या कॉयरला सूर द्यायचा, एवढंच त्यांचं आयुष्य. जुन्या साहेबांच्या राज्यात मोठे मोठे अंमलदार पुढच्या बाकांवर बसत, आणि माळ्यावरून, म्हणजे चर्चच्या मागच्या बाजूला उंचावर असलेल्या लाकडी सज्जातून, कॉयर गाई. साहेबांना गाण्यातलं काही कळत असेल-नसेल, पण शेवटच्या ओळीला तेसुद्धा मान मागे वळवून वर बघत. कारण त्या ओळीत "जळत" शब्दावर सगळे गप्प होत आणि एकच स्वर लांबत राही, न तुटता, न थरथरता, माणसाच्या छातीत मावणार नाही इतका लांब. खालच्या लोकांना वाटे, कुणा एकाच बाईची छाती आहे ही! पण छात्या दोन होत्या. थोरली आणि धाकटी शेजारी शेजारी उभ्या राहत, गळे जणू एकाच मापानं बेतलेले. एकीचा श्वास संपत आला की ती कोपर हळूच दुसरीला लावी. दुसरी स्वर उचलून धरी, तेवढ्यात पहिली श्वास घेई. कुठे एक सोडते आणि कुठे दुसरी धरते, हे खुद्द आप्पांनासुद्धा डोळे मिटले तर कळत नसे. दोघींच्या पांढऱ्या झग्यांची कोपरं त्यापायी झिजून जात: थोरलीचं डावं, धाकटीचं उजवं. आप्पा ती स्वतः रफू करत आणि म्हणत, "पोरींनो, देवाला गाणं द्या, माझ्या कापडाला कशाला खाता?"

मग राज्य बदललं. भिंतींवरची चित्रं बदलली, रस्त्यांच्या पाट्या बदलल्या, आणि एके सकाळी चर्चच्या दाराला हुकूम चिकटला: प्रार्थना मनातल्या मनात करावी, गाणं गायचं ते सरकारचं. माळ्याच्या जिन्यावर फळ्या ठोकल्या गेल्या. फादर बिचारे फळ्यांकडे बघत म्हणाले, "निदान खिळे तरी सरळ ठोकायचे!" आणि लोक हसले, आणि हसता हसता रडले…

पण आप्पा कसले ऐकतात! कॉयर लाँड्रीत आलं. वाफेचं यंत्र सुरू करायचं, त्याची घरघर इतकी की रस्त्यावरच्याला दुसरं काही ऐकू येऊ नये, आणि त्या घरघरीच्या पोटात बसून तोंड मिटून गाणी म्हणायची. शब्द नाहीत, नुसता सूर. चादरींच्या ढिगाआड पायपेटी लपवलेली; ती वाजवायचा धाकटीचा नवरा. पायांनी भाता मारत, हातांनी सूर देत तो वाजवू लागला की त्या वाफेतही माणसांना माळा दिसे.

एका म्हाताऱ्या गायिकेच्या अंत्ययात्रेत या पठ्ठ्यानं पायपेटी हातगाडीवर चढवली आणि भर रस्त्यात तेच दिव्याचं गाणं वाजवलं. संध्याकाळी त्याला घेऊन गेले. धाकटीच्या पोटात तेव्हा ही भाची होती. धाकटी अन्नाला शिवेना, पाण्याला शिवेना. नवऱ्याच्या पेटीवर हात ठेवून नुसती बसून राही. तिच्या चेहऱ्यावरचा रंग दिवसागणिक उतरत होता, आणि थोरलीला ते बघवेना.

ती एकटीच गेली. कुणाला न सांगता. सरकारच्या गाण्याच्या खात्यात एक साहेब बसे, मोठा गोड बोलणारा. असल्या गोडानंच दात किडतात.

"आम्हाला तुमचा आवाज ठाऊक आहे, बाई," तो म्हणाला. "सकाळच्या भोंग्यावर रोज राष्ट्राची गाणी म्हणायची. माणूस उद्या घरी येईल. फक्त एक… तुम्ही स्वखुशीनं आलात, असंच लोकांना दिसलं पाहिजे. सौदा कानावर आला, तर माणूस पुन्हा आत."

"म्हणजे माझ्या बहिणीलासुद्धा…?"

"बहिणीलाच तर मुळीच नाही."

थोरलीनं त्याच खोलीत गाऊन दाखवलं. गाताना तिचं डावं कोपर आपसूक बाजूला सरकलं, खुर्चीच्या थंड लोखंडाला लागलं, आणि स्वर मधेच तुटला. साहेब म्हणाला, "श्वास ऐकू येतो तुमचा. सुधारा."

दुसऱ्या दिवशी धाकटीचा नवरा घरी आला. सही न करता, माफी न मागता सुटला म्हणून लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. आणि आठवडाभरात चौकाचौकातल्या भोंग्यांतून सरकारचं गाणं घुमलं, ते थोरलीच्या आवाजात!

त्या सकाळी आप्पांनी वाफेचं यंत्र बंद केलं. इतकी शांतता त्या घरात कधी झाली नव्हती.

"हा कुणाचा गळा आहे?" त्यांनी विचारलं.

"नवरा माझा मार खाऊन आला, तोंडातून शब्द काढला नाही त्यानं!" धाकटी कडाडली, एवढं मोठं पोट सावरत. "आणि तू, ताई? काय दिलं तुला त्यांनी? खोली? रेशन? की नुसताच मान?"

एक शब्द बोलली असती तर सगळं निवळलं असतं. पण तो शब्द ओठांवर आणणं म्हणजे समोर उभ्या माणसाला पुन्हा त्या दारात ढकलणं. थोरलीनं तो शब्द गिळला. गिळला तो असा की पुढे सगळा जन्म तो घशातून खाली उतरला नाही.

"आवाज माझा आहे," ती मान ताठ ठेवून म्हणाली. "मी कुठेही गाईन."

आप्पांनी दाराकडे बोट दाखवलं. तिनं कपड्यांचं गाठोडं उचललं. झगा मात्र खुंटीवरच राहिला, तो न्यायचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटलं. आप्पा गेले तेव्हा ती दफनभूमीच्या भिंतीबाहेर उभी होती. गाणं बंदच होतं. लोक तोंड मिटून गुणगुणले, आणि भिंतीच्या अलीकडे तीही गुणगुणली, कुणाला ऐकू जाणार नाही इतकं हळू…

भोंगेही एक दिवस थांबले. राज्य पुन्हा बदललं, चित्रं पुन्हा उतरली, गोड साहेब कुठल्या कुठे गेला. आता तरी बोलावं? किती रात्री तिनं छताकडे बघत वाक्यं जुळवली! पण दिवस उजाडला की दिसे तो धाकटीचा नवरा, पोरांना पेटी शिकवणारा, न वाकता सुटलेला माणूस. नवं कॉयर उभं राहिलं ते त्याच्या त्या नावावर. आपण तोंड उघडलं तर लोक म्हणतील, हासुद्धा सौद्यात सुटला. आणि ही पोरगी, जी बापाकडे देवळाच्या कळसासारखी बघते, ती कुणाकडे बघेल मग? थोरलीनं वाक्यं मोडली आणि इस्त्री गरम केली.

"रविवारी माळा उघडणार आहे," भाची सांगत होती. "फळ्या काढल्या, जिना दुरुस्त केला. जुन्यांपैकी आता आईबाबाच उरलेत, आणि… तुम्ही. आई म्हणते, त्या बाईचं नाव या घरात काढायचं नाही. पण मला वाटलं, बोलवावं."

"आईला न विचारता आलीस?"

"विचारलं असतं तर पाय तोडले असते माझे."

"पाय नाही तोडायची. जीभ आहे ना तिला, तेवढी पुरते. आमच्या घराण्यात हत्यारं कधी लागली नाहीत."

पोरगी खुदकन हसली, आणि दारातून जाताना म्हणाली, "ये हं, मावशी." अहो-जाहो कधी गळून पडलं, तिचं तिलाही कळलं नाही. थोरलीला मात्र कळलं… ती कितीतरी वेळ त्या करपलेल्या सदऱ्यावर हात फिरवत बसली. सूड घ्यायचा असता तर धाकटीनं ती जागा दुसऱ्या गळ्यानं भरून टाकली असती. नवी मुलं होती, चांगले आवाज होते. मग का नाही भरली? का सांभाळली ती पोकळी, पोरांना घोकून घोकून शिकवावी इतकी?

रविवारी ती गेली. शेवटच्या बाकावर, खांबाआड, पदर कपाळापर्यंत ओढून बसली. नव्या लाकडाचा आणि जुन्या धुळीचा वास एकमेकांत मिसळला होता. वर माळ्यावर पांढरे झगे हलत होते. पायपेटीनं एक लांब सूर धरला… आणि मधेच सोडला. धाकटीनं वरून पाहिलं होतं!

जिना करकरला. धाकटी खाली आली. केस पिकलेले, पण चाल तीच, टाचा आपटणारी.

"इथे भोंगा नाही," ती बाकापाशी येऊन म्हणाली. "चुकून आलीस का?"

"बसायला आलेय. गायला नाही."

"तुझं बसणंसुद्धा मला ऐकू येतं, ताई!" धाकटीचा आवाज चिरला. पुढच्या बाकांवरची डोकी वळली. "आप्पा शेवटी दाराकडे बघत गेले. शेवटपर्यंत दाराकडे! कुणाची वाट बघत होते, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ऊठ. ऊठ इथून!"

थोरली उठली. आप्पा दाराकडे बघत गेले… एवढंच तिला ऐकू आलं होतं. पुढचं काही शिरलंच नाही कानात. तिचा हात बाकाची कड शोधत होता, तेवढ्यात जिना पुन्हा करकरला.

पेटीवाला खाली येत होता. गुडघे धरून, कठड्याला धरून, एकेक पायरी. तो मधल्या वाटेत येऊन उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, "तिला नको उठवूस. उठायचं तर मी उठतो."

"तुम्ही मधे पडू नका!"

"मी मधेच तर पडलोय, इतकी वर्षं." तो बायकोकडे बघत म्हणाला. "मला सोडलं त्या आधीच्या दिवशी सरकारच्या गाण्याच्या खात्यात आणून एका बोळात बाकावर बसवून ठेवलं होतं. भिंतीपलीकडे कुणीतरी गात होतं. सरकारचं गाणं. गाता गाता मधेच श्वास तुटला… आणि मी ओळखलं. शेजारी तू नसलीस की हिचा श्वास ऐकू येतो. माझ्यासाठी गात होती ती! मी न वाकता सुटलो नाही. हिला वाकवून सुटलो. आणि बाहेर लोकांनी खांद्यावर घेतलं, तेव्हा खाली उतरायचं धैर्य मला झालं नाही…"

थोरलीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "कशाला बोललात, पेटीवाले?" ती पुटपुटली. "पोरगी वर उभी आहे हो… पोरगी ऐकतेय!"

धाकटी नवऱ्याकडे बघत होती, बहिणीकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून किती ऋतू सरकून गेले!

"खरं आहे, ताई?"

थोरलीनं मान हलवली.

"मी तुला विचारलं होतं… काय दिलं तुला त्यांनी, म्हणून विचारलं होतं मी…"

"तुझा नवरा दिला," थोरली म्हणाली. "बराच महाग पडला. पण तुला शोभणारा होता."

कुणीतरी हुंदका दिला. तो धाकटीचा नव्हता. ती वळली, जिन्याकडे गेली, वर चढली. टाचांचा आवाज लांब गेला… संपला. थोरलीला वाटलं, झालं. आता खरं संपलं. खोटं असताना निदान राग तरी होता दोघींत, आज तोही उरला नाही. तिनं पदर सावरला आणि दाराची वाट धरली.

"कुठे चाललीस?" वरून आवाज आला. धाकटी कठड्यावरून ओणवली होती, डोळे लालबुंद. तिच्या हातात एक पांढरा झगा होता. "वर ये! जिना चढवतो का, की माणसं लावून उचलून आणू? आधीच फादर घड्याळ बघतायत."

झगा जुना होता, पण परवाच धुतल्यासारखा शुभ्र, कडक खळ दिलेला. वर गेल्यावर थोरलीनं बाह्या सरळ केल्या, तर डाव्या कोपराशी आप्पांचं रफू. धाकटी दुसरीकडे बघत म्हणाली, "सगळ्यांचे धुवायचे असतात, त्यात तोही पडायचा. एकटीचा वेगळा कुठे काढत बसणार?"

"इतकी वर्षं?"

"बटणं लाव आधी."

भाचीनं बापाला हात धरून पेटीवर बसवलं होतं. तो तिच्याकडे बघायला धजत नव्हता. तिनं मात्र त्याच्या बोटांवर क्षणभर आपला तळवा ठेवला आणि मग मान डोलावली. भाता भरला. गाणं सुरू झालं. थोरली पहिली कडवी नुसते ओठ हलवत राहिली. भोंग्यानं आणि वाफेनं खाल्लेला गळा, त्याचा तिला भरवसा नव्हता. शेजारी धाकटीचा स्वर, थोडा जाड झालेला, पण तोच. मधे वितभर अंतर. त्या वितीत किती सकाळी, किती पावसाळे, आप्पांचं दाराकडे लागलेलं तोंड…

"आमचा दिवा तुझ्या उंबऱ्याशी जळत…"

सगळी पोरं शिकवल्याप्रमाणे गप्प झाली. धाकटीचा स्वर एकटाच लांबत गेला, बारीक होत गेला, आता संपणार… आणि थोरलीच्या डाव्या कोपराला काहीतरी लागलं. हलकं. उबदार.

तिनं स्वर उचलला.

तो खरखरीत होता, कडेनं फाटलेला होता. पण तुटला नाही. नव्या पोरांनी दचकून एकमेकांकडे पाहिलं, बिचाऱ्यांना वाटलं म्हातारी चुकली, गप्प राहायच्या जागी गातेय! एकानं तर दटावायला ओठांवर बोटही ठेवलं. थोरलीनं डोळे मिटले. शेजारी धाकटी श्वास घेत होती, लांब, पोटभर, कितीतरी वर्षांत न घेतलेला, आणि त्या श्वासात हुंदके होते, ते कुणाला ऐकू जाऊ नयेत म्हणून थोरली स्वर आणखी मोठा करत गेली… मोठा करत गेली… तिच्या छातीतली हवा सरली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि तिनं घाबरत घाबरत आपलं कोपर डावीकडे सरकवलं. तिथे लोखंड तर लागणार नाही ना?

धाकटीचं कोपर तिथेच होतं.